मदत हवी आहे: गोळ्या मोजून दिल्या, तरी आईच्या रक्तातलं लिथियम २.६ कसं झालं?

रानजाई | ९ जून २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण तपशील गाळले तर प्रश्नच कळणार नाही.

आई ६१ वर्षांची. ती आणि बाबा विट्याला असतात, मी पुण्यात. तिला १९९८ पासून बायपोलर आहे (कधी उन्माद, कधी खोल नैराश्य) आणि तेव्हापासून मन स्थिर ठेवायला लिथियम चालू. ३०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक, रात्री दोन. या गोळ्यांवर तिनं संसार केला, शिवणक्लास चालवला, माझं लग्न लावून दिलं. शेवटचं मोठं आजारपण २००३ सालचं.

दर चार-सहा महिन्यांनी सांगलीला डॉक्टरांकडे जायचं आणि त्याआधी लिथियमची पातळी तपासायची, हा आमच्या घरचा सणवारासारखा ठरलेला कार्यक्रम होता. जानेवारी २०२० मध्ये ०.७ आली होती. मार्चमध्ये लॉकडाउन लागलं आणि तपासणी जी राहिली ती राहिलीच. १५ महिने. डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटायचे. झोप कशी, जेवण कसं, बरं मग तेच चालू ठेवा. चिठ्ठी व्हॉट्सॲपवर यायची, मेडिकलवाला ती बघून गोळ्या द्यायचा. खरं सांगायचं तर आम्हाला ते सोयीचंच वाटत होतं.

जुलै २०२० मध्ये बीपी वाढलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी फोनवरच आधीची अ‍ॅम्लोडिपिन बंद करून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी दिली. मीठ कमी करा म्हणाले. आईनं लोणचं-पापड सोडलं.

यंदा २२ एप्रिलला दोघंही कोविड पॉझिटिव्ह. बाबांना काही झालं नाही. आईला ताप आणि मरणाची अंगदुखी. ऑक्सिजन ९६ होता म्हणून घरीच ठेवलं, तसंही तेव्हा बेड कुठे मिळत होते. अंगदुखीसाठी दुकानातून एक गोळी आणली, दिवसातून तीनदा, आठवडाभर. चव गेली होती म्हणून नुसती पेज, तीही दोन घास. २६ तारखेपासून जुलाब. २९ ला हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर ठेवताना एवढा वाजायचा की बाबा आतल्या खोलीतून विचारायचे, काय पडलं? मग जीभ जड झाली, चालताना भिंत धरावी लागायची. १ मेच्या रात्री तिनं बाबांना माझ्या मामाच्या नावानं हाक मारली.

२ तारखेला कसाबसा बेड मिळाला. आधी सगळे म्हणाले कोविडमुळे स्ट्रोक. सीटी स्कॅन स्वच्छ. दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टर मुलीनं बाबांच्या पिशवीतली आईची फाइल उघडून पाहिली आणि लिथियमची पातळी मागवली. २.६. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही चढलेलं, २.१. दोनदा डायलिसिस झालं. १६ मेला घरी आली.

आता मूळ दुखणं. डिस्चार्ज कार्डावर ‘लिथियम ओव्हरडोस’ असं लिहिलंय. तेव्हापासून प्रत्येक जण एकच विचारतो, गोळ्या जास्त घेतल्या का? काकू तर म्हणाली, मुद्दाम घेतल्या असतील, मनाचा आजार आहे ना. विमा कंपनीनं ‘स्वतःहून केलेली इजा’ म्हणून क्लेम नाकारला. आणि बाबा, ज्यांनी २३ वर्षं तिच्या गोळ्यांचा डबा भरला, ते मला विचारतात, मी तुझ्या आईला जास्त देईन का गं?

म्हणून मी मोजल्या. बाबा वहीत लिहून ठेवतात. १२ एप्रिलला सकाळी घरात ४ गोळ्या होत्या आणि ९ स्ट्रिप नव्या आणल्या, म्हणजे ९४. १ मेच्या रात्रीपर्यंत २० दिवस, रोज ३, म्हणजे ६० जायला हव्यात आणि ३४ उरायला हव्यात. डब्यात ३७ आहेत. एक दिवस उलट्या होत होत्या म्हणून दिल्याच नव्हत्या. म्हणजे तिनं जास्त नाही, तीन कमी घेतल्या.

प्रश्न:
१) नेमकी ठरलेली गोळी घेऊनही एवढी पातळी जाऊ शकते का?
२) लिथियम ३ मेपासून बंद आहे. तरी बोलणं अजून थोडं अडखळतं, हात थरथरतो. सुईत दोरा ओवता येत नाही. हे जाईल का?
३) लिथियम परत सुरू करावं का? खरं तर सध्या ती बरीच तरतरीत आहे. पहाटे तीनला उठून डबे घासते, गाणी म्हणते. बाबा म्हणतात, बंद केलं तेच बरं झालं.
४) क्लेमचं काय करता येईल?

तिरकस | १० जून, सकाळी ७:०५

ताई, स्पष्ट बोलतो. या मेंदूच्या गोळ्या म्हणजे विषच असतं. आता सुटल्यायत तर सुटू द्या. सकाळी फिरणं, प्राणायाम, गाईचं तूप.

निशिगंध | १० जून, सकाळी ७:३१

@तिरकस, मी स्वतः ११ वर्षं लिथियमवर आहे. तूपही खाते आणि प्राणायामही करते. मध्ये एकदा अशाच एका हितचिंतकाचं ऐकून गोळी बंद केली होती. सात आठवड्यांत दीड लाखाची साड्यांची खरेदी आणि नंतर तीन महिने अंथरूण. तुमच्या वाक्याची किंमत दुसऱ्याच्या घरात मोजली जाते, तेवढं लक्षात ठेवा.

रानजाई, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. वही ठेवणारा नवरा लाखात एक.

माणदेशी_डॉक्टर | १० जून, सकाळी ९:१२

मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तुम्ही क्रम लावून विचारलंय, पण मी तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो आजचा आहे.

पहाटे तीनला उठून डबे घासणं आणि गाणी म्हणणं याला तरतरी म्हणू नका. २३ वर्षं चाललेलं लिथियम एका दिवसात बंद झालंय. विषबाधेत ते बंद करावंच लागतं, त्यात कुणाची चूक नाही. पण असं अचानक सुटलं की पुढच्या काही महिन्यांत आजार उसळण्याचा धोका बराच वाढतो, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचाही. आज दुपारपर्यंत सांगलीच्या डॉक्टरांना फोन करा. व्हिडिओ नको, प्रत्यक्ष न्या. लिथियम परत द्यायचं की दुसरं काही, हे ते आणि किडनीचे डॉक्टर मिळून ठरवतील. घरातल्या ३७ गोळ्यांतली एकही आपल्या मनानं देऊ नका आणि तो डबा आईच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

आता पहिला प्रश्न. हो, जाऊ शकते. लिथियम शरीरात मोडत नाही, जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर जातं. गंमत अशी की लिथियम आणि मिठातलं सोडियम यांत मूत्रपिंडाला फारसा फरक कळत नाही. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम परत ओढून घेतं, आणि त्याच्या जोडीनं लिथियमही ओढतं. मीठ कमी केलं, बीपीच्या गोळीतल्या थायाझाइडनं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधानं, सोडियम बाहेर काढलं, ताप, जुलाब, पेजेवर काढलेले दिवस. टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्यांनीही पातळी चढते. तरीही कदाचित धकलं असतं. आठवडाभर घेतलेली ती अंगदुखीची गोळी कोणती होती? स्ट्रिप असेल तर त्यावरचं बारीक अक्षर वाचून सांगा.

लिथियमचं माप मुळातच अरुंद आहे. साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, वयस्कांत त्याहून खालच्या बाजूला. १.५ च्या पुढे त्रास सुरू होतो. औषध आणि विष यांच्यात एवढी कमी जागा असलेली गोळी रोजच्या वापरात क्वचित असते, म्हणून तर ते सहामाही रक्त. त्यात हळूहळू साचून होणाऱ्या या जुनाट विषबाधेत आकडा फसवतो. पूर्वी कधीच न घेतलेल्या माणसाच्या पोटात एकदम गेलं तर आकडा मोठा दिसतो, पण मेंदूत शिरायला वेळ लागतो. आईसारख्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या मेंदूत ते आधीच मुरलेलं असतं. आकडा लहान, पण त्रास मोठा.

तेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. रक्तातून गेलं तरी मेंदूतून सावकाश निघतं, त्यामुळे बोलणं आणि थरथर मागे रेंगाळते. बहुतेकांचं आठवड्यांत सुधारतं. बंद करून दोन महिने झाल्यावरही तोल, बोलणं, थरथर तशीच राहिली तर तोल सांभाळणाऱ्या छोट्या मेंदूला कायमची इजा झाली का हे पाहावं लागतं. तुमचे दोन महिने जुलैच्या सुरुवातीला होतील. त्यासाठी थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टची वेळ आत्ताच घ्या.

एक बारीक चौकशी. रक्त कुठल्या झाकणाच्या नळीत घेतलं होतं? हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन असतं. त्यात घेतलं तर आकडा खोटाच चढतो. तुमच्या बाबतीत लक्षणं आणि क्रिएटिनिन पाहता तसं वाटत नाही, पण पुढच्या वेळी लॅबला आधी सांगा. आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन दिलेल्या रक्ताला अर्थ नाही.

रानजाई | १० जून, सकाळी १०:०२

डॉक्टर, वाचून हातपाय गार पडले. सांगलीला फोन केला, उद्या सकाळी ११ ची वेळ मिळाली. मी आत्ता निघतेय.

बाबांनी स्ट्रिपचा फोटो पाठवला. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आम्ही सगळे तिला तापाचीच गोळी समजत होतो.

फार्मसीवाला_बंड्या | १० जून, सकाळी ११:२०

तिथंच मेख आहे. माझं दुकान आहे म्हणून सांगतो, दुसऱ्या लाटेत दिवसाला चाळीसेक लोक व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘कोविड किट’ची यादी दाखवून औषधं मागायचे. नाव ना गाव, कुणाला काय चालू आहे पत्ता नाही. त्यात अंगदुखीला ही जोडगोळी ठरलेली. लोकांच्या डोक्यात पॅरासिटामॉल म्हणजे निरुपद्रवी, आणि ही त्याचीच बहीण. पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, एटोरिकॉक्सिब ही सगळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात आणि लिथियम अडवून ठेवतात. लिथियमवाल्याला ताप आला तर साधं एकटं पॅरासिटामॉल.

आणि आमचीही चूक सांगतो. लिथियम एका दुकानातून आणि अंगदुखीची गोळी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानातून घेतली की कुणालाच काही कळत नाही. एकाच दुकानातून घ्या आणि प्रत्येक वेळी तोंडानं सांगा, घरात लिथियम चालू आहे.

ठाणेकर_भाऊ | १० जून, दुपारी १:४५

थोडं अवांतर, पण याच काळातलं. माझा धाकटा भाऊ क्लोझापिनवर, तेही मनाच्या गंभीर आजारावरचं औषध. त्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग महिन्याला तपासाव्या लागतात, लॉकडाउनमध्ये त्याचीच वणवण. पण घोळ निघाला भलताच. २०२० च्या एप्रिलमध्ये पानटपऱ्या बंद. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा पठ्ठ्या एका झटक्यात शून्यावर. आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दहा दिवसांत हा दिवसभर झोपेत, उशी लाळेनं भिजलेली, उठला की भेलकांडतोय. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, सिगारेट सोडली का? धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत क्लोझापिन भराभर मोडत असतं. धूर थांबला की तीच गोळी अंगात दीडपट-दुप्पट साचते. निकोटिनचा त्यात संबंध नाही, धुराचा आहे. डोस कमी केला आणि तो ताळ्यावर आला.

मग या मार्चमध्ये त्याला कोविड झाला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. ताप-जंतुसंसर्गातही यकृताचा तो कारखाना मंदावतो आणि क्लोझापिन चढतं. पहिल्याच दिवशी फोन केला, डोस तात्पुरता खाली आणला, पेशी मोजल्या. निभावलं.

लेस्टरचा_पंत | १० जून, संध्याकाळी ६:३०

इथे इंग्लंडात लिथियम घेणाऱ्याला जांभळ्या रंगाची पुस्तिका देण्याची पद्धत आहे, २००९ पासून. त्यात प्रत्येक तपासणीचा आकडा लिहायचा आणि सोबत पाकिटात ठेवायचं कार्ड. माझी बायको घेते. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त, नंतर बहुतेकांना सहा महिन्यांनी, शिवाय थायरॉइड आणि किडनी. पण गेल्या वर्षी तिच्याही पुस्तिकेत एप्रिल ते ऑक्टोबर कोरी पानं आहेत. बाबांची वही हीच तुमची जांभळी पुस्तिका समजा, फक्त त्यात गोळ्यांच्या शेजारी पातळीचा रकाना आखा.

निशिगंध | १० जून, रात्री ८:१०

माझं कार्ड मी स्वतःच करून घेतलंय, आधार कार्डाच्या मागे लॅमिनेट करून. ‘मी लिथियम घेते. बेशुद्ध सापडले तर आधी पातळी तपासा.’ जुलाब-उलट्या किंवा चढता ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आजची गोळी घ्यायची का ते विचारायला. मे महिन्यात मीठ-पाणी नेहमीइतकंच, ना उपास ना मीठबंदी. कप वाजायला लागला म्हणालीस ना, ती पायरी मला माहीत आहे. लिथियमवर हात बारीक थरथरतोच, त्याची सवय होते. पण कप वाजण्याइतका मोठा हलला, जीभ जड झाली, पाय वाकडे पडले, की ते वेगळं.

माणदेशी_डॉक्टर | १० जून, रात्री ९:०५

निशिगंध यांच्याशी सहमत. त्या पायरीला घरी काही करत बसू नये. विषबाधेत देतात त्या काळ्या कोळशाच्या पुडीला लिथियम चिकटत नाही. आणि ‘लघवी होऊन निघून जाईल’ म्हणून दिलेली लघवीची गोळी आणखी नुकसान करते. सलाइन लावणं आणि गरज पडल्यास डायलिसिस हेच उपाय. १०८ ला फोन करा. डॉक्टरला शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं.

कलमबहाद्दर | ११ जून, सकाळी ८:५०

वकील आहे, क्लेमचं मी बघतो. सगळा घोळ ‘ओव्हरडोस’ या एका शब्दानं केलाय. रुग्णालयात जाऊन डिस्चार्ज कार्डावर दुरुस्ती मागा. आरडाओरडा नको, त्या तरुण डॉक्टर बाईंनाच भेटा. ‘ठरलेल्या मात्रेवर क्रॉनिक लिथियम टॉक्सिसिटी, कारणे: कोविडमधील निर्जलीकरण, आयबुप्रोफेन, थायाझाइड’ असं लिहून सही-शिक्का. सोबत बाबांच्या वहीची झेरॉक्स, मेडिकलची बिलं आणि ३७ गोळ्यांचा फोटो. ते घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, तुमच्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही.

मानसिक आजार आहे म्हणून हात झटकले तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४) दाखवा. शारीरिक आजारांना जसा विमा, तसाच याला. विमा प्राधिकरणाचं १६ ऑगस्ट २०१८ चं परिपत्रकही आहे.

काकूंसाठी कायद्यात कलम नाही.

रानजाई | १३ जून, रात्री १०:१५

अपडेट. सांगलीच्या डॉक्टरांनी आईला पाच मिनिटं बोलू दिलं आणि म्हणाले, वेळेवर आणलंत, उन्माद सुरू होतोय. क्रिएटिनिन अजून १.४ आहे, त्यामुळे लिथियम तूर्त नाही. उन्माद आटोक्यात ठेवायला क्वेटियापिन सुरू केलंय. बीपीची गोळी परत जुनी, अ‍ॅम्लोडिपिन. काल ती सात तास झोपली, बाबा दोनदा श्वास बघून आले म्हणे.

आई मात्र चिडलीये. तिला लिथियमच हवंय. डॉक्टरांना म्हणाली, ती गोळी माझी तेवीस वर्षांची मैत्रीण, तुम्ही आजाऱ्याच्या गोळ्या देऊन मैत्रीण तोडलीत. त्यांना हसू आवरेना.

@माणदेशी_डॉक्टर, नळीचं विचारलं. लाल झाकण होतं, म्हणजे आकडा खराच.

रानजाई | २९ ऑगस्ट २०२१, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय, दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून. बोलणं जुलैअखेर नीट झालं. चालणंही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले थरथर थोडी राहील, अजून वर्षभर पाहू. रुग्णालयानं कार्ड दुरुस्त करून दिलं, त्या डॉक्टर मुलीनं स्वतः टाइप केलं. कंपनीचं उत्तर पुन्हा नकारार्थी, आता लोकपालांकडे अर्ज केलाय, तारीख लागलेली नाही. दुरुस्त कार्डाची एक झेरॉक्स बाबांनी काकूच्या घरी नेऊन दिली, काही न बोलता.

शिवणक्लासच्या तीन मुली परत येतायत. मशीन आई चालवते, सुईत दोरा बाबा ओवून देतात.